आईचा नवरा परत द्या

इकालुलिक, ११ फेब्रुवारी

लुईसाबाई,

कशी आहेस असं विचारत नाही, कारण मला ते जाणून घ्यायचं नाही. मोबाइलवर तू मला बंद करून ठेवलंयस, फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. दवाखान्यातले थुंकीचे नमुने ज्या विमानानं तपासायला दक्षिणेत जातात, त्याच विमानानं हे पत्र येतंय. सोबत बरी मिळाली आहे.

आज बालसंरक्षण कार्यालयाचा लिफाफा आला. चौदा पानं. माझी पोरगी का उचलून नेली, त्याची कारणं. वीस दिवसांनी कारणं कळवण्याची कृपा केली त्यांनी. मी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचली, हातमोजे काढून, बोटं बधिर होईपर्यंत. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, 'दूरध्वनीवरील दुभाषी' याच्या पुढे तुझं नाव आणि तुझी सही. 'ल'चं शेपूट तू शाळेत असल्यापासून तसंच लांब काढतेस. दुसऱ्या कुणाची असेल असं मनाला समजवायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस.

तुला तिकडच्या हवेत विसर पडला असेल, म्हणून सांगते. आपले बाबा गेले त्याला सात वर्षं होतील. तू मातीला आली नाहीस, ते सोड. ते गेले आणि त्याच हिवाळ्यात माझी मुलगी जन्मली. आईनं तिला मांडीवर घेतलं, कानात बाबांचं नाव, 'तुलुगाक', म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती आईचा नवरा झाली आणि माझे बाबा. मी तुला तेव्हा कळवलं होतं, 'बाबा परत आलेत' म्हणून. तू उत्तर दिलं नाहीस. सहा वर्षं आई तिला 'नवरोबा' म्हणते. तिच्या मऊ बुटांना बाबांच्या बुटांसारखी पट्टी शिवते. माशाच्या डोक्याजवळचा तुकडा आधी तिच्या ताटात जातो, कारण बाबांना तो आवडायचा. मी सकाळी ओरडते, "बाबा, उठा आता, शाळेला उशीर होतोय," आणि बाबा उशीत तोंड खुपसून पडून राहतात. सगळं गाव असंच बोलतं. इथे पोरगं रांगायला लागलं की त्याला निम्म्या गावाचं आजोबापण आलेलं असतं.

आता त्या चौदा पानांतलं सातवं पान वाचून दाखवते. वाचून काय दाखवायचं, तूच तर बोलली आहेस ते.

"घरी तू कुणाजवळ झोपतेस?" "बायकोजवळ." "बायको कोण?" "माझी बायको. म्हातारी आहे ती." "ती तुला काय म्हणते?" "नवरा." "हे तुला आवडतं का?" मुलीनं उत्तर दिलं नाही. "घरी तुला सुरक्षित वाटतं का?" मुलीनं उत्तर दिलं नाही. "घरचे लोक तुझी काळजी घेतात का?" मुलीनं उत्तर दिलं नाही.

उत्तर दिलं नाही म्हणे. सहा वर्षांच्या पोरीला शाळेच्या भांडारात खोक्यांमध्ये बसवलं, समोर टेबलावर फोन ठेवला, आणि तिनं तीन वेळा भुवया वर केल्या असणार. आपल्याकडे 'हो' तोंडानं म्हणतं कोण? समोर बसलेल्या कार्यालयाच्या दोघांना ते कळलं नाही. फोनमधल्या बाईला दिसलं नाही, पण तिला कळायला हवं होतं. तू याच गावात भुवया वर करत लहानाची मोठी झालीस ना? की तिकडे गेल्यावर भुवयाही उतरवून ठेवल्यास?

बाकीचं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं भरलं. सहा वर्षांची मुलगी, नवरा, बायको, एकाच अंथरुणात. तुला कळतंय ना त्यांनी आपल्या आईबद्दल काय लिहिलंय? मी तो शब्द इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं पोरीला नेलं. मी तेव्हा गोळ्या वाटायला खालच्या आळीत गेले होते. घरी आले तर आई दारात उभी होती, दार सताड उघडं, आणि थंडी आत येत होती. म्हणाली, "त्यांना नेलं."

एक वाक्य पुरलं असतं, लुईसा. "इथे नाव ज्याचं, नातंही त्याचं." एवढंच. तू कुणासाठी तोंड शिवून बसलीस ते मला सांग.

सिआसी


२७ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. मलाही ते आपोआप येईल असं वाटलं नव्हतं.

आईनं गोळ्या बंद केल्यात. तिला टीबी आहे हे तुला त्या चौदा पानांतून कळलंच असेल, त्यात ते चार ठिकाणी लिहिलंय, जसा काही तो गुन्हाच आहे. नऊ महिन्यांचं औषध, चौथा महिना चालू. आणि या गावात ते औषध देणारी कोण, तर मी. रोज सकाळी पिशवी घ्यायची, सोळा घरं फिरायची, गोळ्या हातावर ठेवायच्या आणि समोर उभं राहून गिळल्याची खात्री करायची. सोळा जणांचे घसे मला पाठ आहेत. नर्स दर तीन आठवड्यांनी बदलते. नाव पाठ होईपर्यंत तिची बॅग भरलेली असते. छातीचा फोटो काढायचं यंत्र ऑक्टोबरपासून झाकून ठेवलंय. पण गोळ्या चुकू नयेत म्हणून कागद मात्र तीन भरावे लागतात.

पंधरा घसे गिळतात. सोळावा आपल्या आईचा.

"आई, आ कर."

नाक मुरडलं. नाही म्हणजे नाही.

"आई, ही थट्टा नाही. मधेच सोडलंस तर औषध पुन्हा लागू पडत नाही."

"माझा नवरा घरात नाही," म्हणाली. "तो आला की घेईन."

"तू मेलीस तर तो येऊन काय करेल?"

"मग त्यांना सांग की म्हातारी मरतेय, लवकर आणा." आणि कुशीवर वळली. ती हट्ट करत असती तर मी भांडले असते गं. ती हट्ट करत नाहीये. तिनं हिशेब संपवल्यासारखं शांत केलंय स्वतःला, आणि मला त्याची भीती वाटते.

आई सहा वर्षांची असताना तिलाही असंच दक्षिणेच्या दवाखान्यात नेलं होतं, जहाजातून, छाती तपासून, जिन्यावर उभ्या उभ्या. तीन वर्षांनी आली तेव्हा स्वतःच्या आईशी बोलायला शब्द नव्हते तिच्याकडे. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं. आता रोज सांगते.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोन मिळतो. त्यांच्या देखरेखीखाली. अट अशी की बोलायचं दक्षिणेच्या भाषेत, म्हणजे पोरीशेजारी बसलेल्या बाईला सगळं समजावं. आईला ती भाषा येत नाही, ठाऊक आहे ना तुला? म्हणजे आलेली होती, तीन वर्षांत, पण तिनं ती मुद्दाम विसरून टाकली. मग आई फोन कानाला लावते आणि श्वास घेते. तिकडून पोरगीही श्वास घेते. दहा मिनिटं दोघी नुसत्या श्वास घेतात आणि मग ती बाई म्हणते, वेळ संपली. परवा तुलुगाकनं मला विचारलं, "इथे मासा का शिजवून पुठ्ठ्यासारखा करतात?" मी हसले आणि मग मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले. हे मी तुला का सांगतेय मला माहीत नाही.

गावात सगळे एकच विचारतात, कार्यालयाला आपलं घर सापडलं कसं. कुणीतरी अर्ज केला होता म्हणे. कुणी केला ते कळायला मार्ग नाही. लोक काहीही बोलतात.

तू त्या दिवशी फोनवर होतीस. ते सांग.

सिआसी


१४ मार्च

पोरीला ठेवून घ्यायची साठ दिवसांची मुदत वाढवली. आधी कळवायची पद्धत नाही; मीच फोन केला तेव्हा कळलं.

काल दक्षिणेतून समिती आली होती. 'उत्तरेकडील दुर्गम वस्त्यांमधील आरोग्य व सामाजिक सेवांची सुधारणा', असा फलक लावला सभागृहात. पाच माणसं, नवे कोरे अंगरखे, पाठीवर किमतीची चिठ्ठी राहिलेली एकाच्या. त्यांच्यासोबत सँडविचची खोकी. वैमानिकानं आधीच सांगून ठेवलं होतं की वारा वाढतोय, दोन तासांत निघायचं. म्हणजे दोन तासांत सुधारायचं सगळं.

त्यांनी प्रत्येकाला रंगीत चिकट कागद दिले. पिवळ्यावर अडचण लिहा, हिरव्यावर उपाय लिहा, भिंतीवर लावा. म्हातारा इट्टुक पुढे बसला होता. त्याची बायको गेल्या वर्षी विमानाची वाट बघत गेली, दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर. तो विचारतो, "विमान कोणत्या रंगावर लिहू?" समितीतली बाई मान हलवत म्हणाली, "फार महत्त्वाचा मुद्दा आहे." आणि महत्त्वाचा मुद्दा भिंतीवरून पडला, कारण भिंतीला दहिवर धरलं होतं आणि काहीच चिकटत नव्हतं.

मग त्या बाईनं मला विचारलं, "तुम्ही इथल्याच आरोग्य सेविका ना? सेवा आणखी चांगल्या व्हाव्यात म्हणून तुमची एक सूचना?"

माझ्या पिशवीत दोन फोटो होते. बाबांचा, बर्फावर बसून चहा पितानाचा. आणि पोरीचा, त्याच टोपीतला. मी दोन्ही हातात धरले. म्हणाले, "हे माझे बाबा. आणि हेही माझेच बाबा. माझ्या आईचा नवरा तुमच्याकडे आहे. तो परत द्या. ही माझी सूचना. हिरव्यावर लिहू की पिवळ्यावर?"

तो चिठ्ठीवाला वहीत काहीतरी लिहायला लागला. मी म्हणाले, "लिहू नका, ऐका. तुमच्या अर्जात आईचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, लस, सगळ्याला रकाना आहे. हे पोर कुणाच्या नावाचं आहे आणि कुणाचं कोण लागतं याला नाही. तेवढा एक रकाना असता तर तुमच्या माणसांनी आल्या पावली चहा पिऊन परतीचं विमान धरलं असतं." इट्टुकनं भुवया वर केल्या. मग त्याच्या मागच्या रांगेनं. समितीतली बाई म्हणाली, "लोक गप्प का झाले?" मला त्या क्षणी तिला धरून हलवावंसं वाटलं, लुईसा. सगळं सभागृह 'हो' म्हणत होतं आणि तिला शांतता ऐकू येत होती.

बोलून मोठी झाले गावात. बायकांनी पाठीवर हात फिरवले. आणि मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तुझ्यापुढे चांगलं दिसायची मला गरज नाही.

तो अर्ज माझा होता.

आम्ही तीन खोल्यांत अकरा जण राहतो. आई खोकते. घराच्या यादीत आपलं नाव पाच वर्षं आहे. डिसेंबरमध्ये नवीन नर्स म्हणाली, घरात लहान मूल टीबीच्या रुग्णाशेजारी झोपतं असं स्पष्ट लिहून सामाजिक विभागाला पाठवा, म्हणजे क्रमांक वर येईल. मी बसून लिहिलं. छान अक्षरात. 'सहा वर्षांची मुलगी आजारी आजीच्याच अंथरुणात झोपते, तातडीनं मदत व्हावी.' घर मागितलं होतं मी. एक जास्तीची खोली. तातडीची मदत झाली, खोलीऐवजी पोरगी कमी केली. अकराचे दहा झाले, जागा झाली.

आईला हे माहीत नाही. मी सांगितलं तर ती मला माफ करेल, आणि तेच मला नको आहे.

म्हणजे बघ, पहिला शब्द माझा आणि शेवटचा तुझा. मला स्वतःचा राग येतो तो पुरत नाही म्हणून मी तुझ्यावर काढते असं तुला वाटेल. वाटू दे. तुझ्यावरचा राग वेगळा आहे, तो पुरून उरेल एवढा आहे.

सिआसी


२९ मार्च

तुझं पत्र मिळालं. मी ते चार वेळा वाचलं. दोनदा चुरगळलं.

तू लिहितेस की त्या दिवशी तुला फक्त प्रकरणाचा क्रमांक दिला होता, नाव नाही. पोरगी पहिलं वाक्य बोलली आणि तुला आपल्या गावची बोली कळली. दुसऱ्या वाक्यात ती 'माझी बायको' म्हणाली आणि तुला सगळंच कळलं. नियम असा की ओळखीचं घर निघालं तर दुभाष्यानं फोन सोडायचा. तू सोडला नाहीस. का, तर तुला तिचा आवाज ऐकायचा होता. आणि एकदा ओळख लपवून बसलीस म्हटल्यावर समजावून सांगणार कोणत्या तोंडानं? म्हणून शब्दाला शब्द ठेवत गेलीस आणि आवाज ऐकत राहिलीस.

मला हे वाचून तुझी दया आली आणि दया आली याचा संताप आला. चोरून आवाज ऐकायला लागू नये म्हणून विमान असतं, लुईसा. आठवड्यातून दोन विमानं येतात या गावाला. बारा वर्षांत तुला एकात जागा मिळाली नाही?

पण दुसरं जे लिहिलंयस ते मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

तू सोळाव्या वर्षी शिकायला गेलीस, बाबा तुला पत्र पाठवायचे, ते मला माहीत होतं. लिहायला चर्चच्या बाकावर बसायचे, कागदावर जीभ बाहेर काढून. आणि सुरुवात नेहमीची, 'माझ्या आई'. दुसरं काय लिहिणार? तुझं नाव उल्लुरिआक, त्यांच्या आईचं. तू दीड वर्षाची असताना ते तुला खांद्यावर घेऊन गावभर सांगायचे, बघा माझी आई किती लहान झाली. बर्फावरून दमून आले की तुझ्यापुढे बूट काढून म्हणायचे, "आई, मला बोल, मी उशिरा आलो." आणि तू बोट नाचवून त्यांना रागवायचीस. सगळं घर हसायचं.

तसलं एक पत्र वसतिगृहाच्या बाईनं उघडून वाचलं, तुला खोलीत बोलावलं आणि विचारलं, हा कोण माणूस तुला आई म्हणतो. तू समजावून सांगितलंस. जितकं सांगितलंस तितकं तिनं जास्त लिहून घेतलं. मग डॉक्टर. मग वर्गातल्या मुली जेवणाच्या रांगेत तुला 'मम्मी' म्हणायला लागल्या. आणि तू बाबांना लिहिलंस, मला आई म्हणू नका, माझं नाव लुईसा आहे.

त्यानंतर बाबांनी पत्र लिहिलं नाही. मला वाटायचं तू उत्तर देत नाहीस म्हणून. मी त्यांना विचारलं होतं, एकदाच. म्हणाले, "माझी आई रागावली आहे." एवढंच. वर्षभर जाळं विणता विणता मधेच थांबायचे.

म्हणजे समजावून सांगितलं की काय होतं, हे तुला आधीच माहीत होतं. म्हणून तू गप्प राहिलीस. मला कळलं. पण कळणं म्हणजे माफ करणं नव्हे, आणि सध्या मला माफीत रस नाही. मला माझी पोरगी हवी आहे.

सुनावणी नऊ एप्रिलला आहे. न्यायाधीश पडद्यावर दिसणार, आम्ही शाळेच्या खोलीत. इट्टुक साक्ष देईल, मी देईन. माझ्या अर्जाचंही मी तिथे सांगणार आहे, आई समोर बसलेली असताना. आमचं ते ऐकून घेतील आणि म्हणतील घरचेच लोक, घरचीच बाजू. तुझं ऐकतील. तुझ्याकडे त्यांच्या विद्यापीठाचा कागद आहे, त्यांची भाषा आहे, आणि सातव्या पानावरचे शब्द तुझे आहेत.

तुझी नोकरी जाईल, असं तू लिहितेस. जाईल. त्यावर मी तुला काय सांगू? आईनं एकतीस दिवस गोळी घेतलेली नाही. काल रुमालावर रक्त होतं.

ये पडद्यावर आणि सांग.

सिआसी


२ मे

तू पडद्यावर आलीस तेव्हा आईनं मला कोपरानं ढोसलं. "केस का कापले हिनं?" बारा वर्षांनी पहिलं वाक्य हे. नंतर तू बोलत होतीस ते तिला इट्टुक हळू आवाजात आपल्या भाषेत सांगत होता, आणि ती फक्त तुझ्या तोंडाकडे बघत होती. तू म्हणालीस, "मी शब्द बरोबर सांगितले आणि अर्थ चोरला." न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग तू स्वतःचंही सगळं सांगितलंस, बाबांचं पत्र, वसतिगृह. कुणी विचारलं नव्हतं तरी. मी तुझ्या जागी असते तर माझ्यानं झालं नसतं, हे एकदा लिहून टाकते म्हणजे पुन्हा म्हणायला नको.

माझ्या अर्जाचं ऐकून आईनं माझा हात धरला. ज्याची भीती होती तेच झालं, तिनं मला तिथल्या तिथे माफ केलं. निकाल आला त्या सकाळी तिनं स्वतः पिशवीतून गोळ्या काढून घेतल्या आणि मला म्हणाली, "आ बघ." औषध पहिल्यापासून सुरू करावं लागलंय. नर्स म्हणते लागू पडेल, बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मला तिच्या तोंडून नको होता.

तुला कामावरून काढल्याचं कळलं. वाईट वाटलं, आणि ते खरं आहे.

आता खरं सांगायचं ते सांगते. मी आठ दिवस हे पत्र टाळलं.

पोरगी गेल्या गुरुवारी आली. सगळं गाव धावपट्टीवर. आईनं डोक्यावर चांगला रुमाल बांधला होता, हातात बाबांची जुनी टोपी. विमानाचं दार उघडलं, कार्यालयाची बाई आधी उतरली, मग तुलुगाक. वाढली आहे. गुलाबी बूट. आई पुढे झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "नवरोबा, किती वाट बघायला लावलीत."

पोरीनं आधी त्या बाईकडे पाहिलं. मग आईकडे. आणि दक्षिणेच्या भाषेत, शाळेत कविता म्हणतात तसं सरळ उभं राहून म्हणाली, "माझं नाव तुलुगाक आहे. तू माझी आजी आहेस. मी तुझी नात आहे."

आईला ते शब्द कळले. ती भाषा विसरल्याचं ती सांगते, पण कळले. तिनं टोपी पाठीमागे नेली आणि भुवया वर केल्या. हो म्हणाली ती, उल्लुरिआक. त्या बाईच्या देखत, सगळ्या गावासमोर, आपल्या आईनं हो म्हटलं.

ती बाई हसली. तिला ते छान वाटलं, तिनं कागदावर खूण केली आणि त्याच विमानानं गेली.

घरी पोरगी वेगळी गादी मागते. मी "बाबा, जेवायला चला" म्हटलं की दाराकडे बघते, बाहेर कुणी ऐकत नाही ना. परवा माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मला तसं म्हणू नकोस, मग ते पुन्हा आजीला वाईट म्हणतील." आईला वाचवतेय ती, सहा वर्षांची. आई तिला आता नावानं हाक मारते. सात वर्षांत पहिल्यांदा आईला मी विधवा झालेली बघतेय. माझी मुलगी त्यांनी परत पाठवली आणि माझे बाबा ठेवून घेतले, आणि याची तक्रार कोणत्या रकान्यात करायची ते मला कुणी सांगू शकत नाही.

मी समजावलं. इट्टुकनं समजावलं. ती ऐकून घेते आणि गप्प बसते. ज्याला कधी कुणी हसलंच नाही त्याचं बोलणं तिला पटत नाही. जिला हसले, जिनं ते नाव टाकून दिलं, अशी एकच बाई आहे, आणि ती इथे नाही.

ती बाबांच्या नावाची आहे. तू बाबांच्या आईच्या नावाची. मग ती तुझी कोण लागते ते मी सांगायला नको. बारा वर्षांपूर्वी तुझा मुलगा तुला 'आई' म्हणाला आणि तू त्याला गप्प केलंस. तो पुन्हा गप्प झालाय. आता हे निस्तरायला मी पुरी पडत नाही, तूच हवीस. धावपट्टीवर उतर आणि सगळ्यांसमोर त्याला मोठ्यानं 'बाळा' म्हण. विमानात कार्यालयाची बाई असली तर आणखी मोठ्यानं. लाज वाटली तरी म्हण. उशीर केला म्हणून तो तुला बोलला तर ऐकून घे.

दवाखान्यात दुभाष्याची जागा तीन वर्षं रिकामी आहे, तेही सांगून ठेवते. घर मात्र अजून तीनच खोल्यांचं आहे, खोकायला आणि भांडायला तेवढीच जागा.

माझा राग गेलेला नाही. तो तू आल्यावर समोरासमोर काढेन. पण हाक मी बदलतेय, कारण ती मीही बारा वर्षं तोंडात धरून ठेवली होती, आणि पोरीला तोंड उघड म्हणताना मला ते बरं दिसत नाही.

शुक्रवारच्या विमानात एक जागा आहे, आजी. मी विचारून ठेवलंय.

तुझी नात,
सिआसी